माहीमची खाडी आणि भरावाचा हिशेब

भराव घालून मिळालेल्या जमिनीचा भाव चौरस फुटांत सांगता येतो. त्याखाली गाडल्या गेलेल्या खाडीचे मोल मात्र कोणत्याही खातेवहीत मांडले जात नाही. मिठी नदी जेथे समुद्राला मिळते, ती मुंबईतील माहीमची खाडी याचे ठळक उदाहरण होय. १८४५ मध्ये माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता तिच्यावर बांधण्यात आला. १९७७ नंतर खाडीलगतच्या दलदलीवर भराव पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले.

अशी दलदल व तिवरांची वने पुराचे पाणी सामावून घेतात आणि लाटांचा जोर मोडतात. तिवरांच्या मुळांशी मासळीची पिल्ले वाढतात; त्यावर कोळीवाड्यांची चूल पेटते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यातच समुद्राला भरती होती. आकसलेल्या मिठीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. पाऊस असाधारण होता हे खरे. परंतु पाण्याच्या हक्काची जागाही आधीच आक्रसली होती.

तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. खाडी विनामूल्य करीत असलेले काम तिच्या अभावी शहराला पंप आणि भिंती उभारून विकत घ्यावे लागते.