नवीन वर्षाचा संकल्प: 21 दिवसांत खरंच सवय लागते?

रीलमध्ये फिरणारा 21 दिवसांचा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या 1960 च्या पुस्तकातला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. व्यायामाचा त्याच्याशी संबंध नाही!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय लागायला अंदाजे 18 ते 254 दिवस लागतात असं दिसलं, साधारण 66. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून चौथ्या दिवशी संकल्प सोडायचं कारण नाही.

संकल्प वेळ-जागेला बांधलेला बरा. मोहन्यात राहणाऱ्याने ‘फिट होणार’ऐवजी ‘आंबिवलीला लोकलमधून उतरलो की शेअर रिक्षा न करता चालत घरी’ असं ठरवावं. 1 जानेवारीपासून 66 वा दिवस येतो 7 मार्चला, म्हणजे गुढीपाडव्याच्या थोडं आधी. 254 लागले, तर गणपतीच्या सुमारास.