मशहद
ईशान्य इराणमधील शिया तीर्थनगर व रझवी खोरासान प्रांताची राजधानी. आठवे इमाम अली रझा ८१८ च्या सुमारास वारले. त्यांच्या कबरीभोवती हे शहर वाढले. दर्ग्यालगतची गौहरशाद मशीद १४१८ मधील. दर्ग्याच्या नगारखान्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास नगारे झडतात, मोहरमच्या शोककाळात मात्र नाही. येथील कारागिरी यात्रेवरच पोसली, असे म्हणता येते. इथल्या अंगठ्यांतला फिरोजा हा खडा तर निशापूरच्या खाणींतला, मशहदचा नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण खडा घासून अंगठीत जडवणारे कारागीर आणि तो घेणारा यात्रेकरू यांची गाठ इथेच पडते. मऊ दगडात कोरलेली स्वयंपाकाची भांडी, गालिचे, केशर यांनाही हेच गिऱ्हाईक. इथली झियारत (तीर्थयात्रा) करून आलेल्याच्या नावामागे ‘मशहदी’ ही उपाधी लावण्याची चाल इराणभर होती.