नव्या राज्यात व्यवसायविस्तार: वेतनावरील व्यवसाय करासाठी स्वतंत्र नोंदणी आवश्यक

एखाद्या राज्यात स्थिरावलेला उद्योग शेजारच्या राज्यात शाखा उघडतो, तेव्हा जागा, वीजजोडणी आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी यांकडे त्याचे लक्ष असते. नव्या कर्मचाऱ्यांचे पगार मात्र मुख्यालयातून जुन्याच पद्धतीने काढले जातात. आपल्याकडे प्राप्तिकराचा, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आहे, व्यवसाय कराचीही नोंदणी आहे, तेव्हा वेगळे काही करण्याची गरज नाही, असा समज अनेक लहान व मध्यम उद्योगांमध्ये आढळतो. यातील पहिल्या दोन बाबींपुरता तो बराचसा बरोबर आहे. व्यवसाय कराबाबत मात्र तो पूर्णपणे चुकीचा असून त्याची किंमत अखेर नियोक्त्यालाच मोजावी लागते.

व्यवसाय कर हा भारतातील पगारातून कापला जाणारा प्रमुख राज्यस्तरीय कर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ६० वी नोंद आणि अनुच्छेद २७६ यांनुसार व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवर कर आकारण्याचा अधिकार राज्यांना आहे. एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम घेता येईल याची मर्यादाही त्याच अनुच्छेदात आहे. आरंभी ती २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये करण्यात आली आणि त्यानंतर तिच्यात बदल झालेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० रुपयांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली होती. परंतु त्यासाठी आवश्यक असलेली घटनादुरुस्ती झालेली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्यांचे अनेक कर त्यात विलीन झाले. व्यवसाय कर त्या बाहेरच राहिला.

महाराष्ट्रात या कराला वेगळी पार्श्वभूमी आहे. ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५’ हा कायदा रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने आणण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेल्या रकमेवर दुष्काळी भागातील मजुराला काम देण्याची ही कल्पना पुढे देशभर चर्चेचा विषय ठरली. त्यामुळे जुन्या पिढीतील नोकरदारांच्या बोलण्यात हा कर आजही रोजगार हमीशी जोडलेला असतो. कर्नाटक व गुजरातचे कायदे १९७६ चे, तर पश्चिम बंगालचा १९७९ चा आहे.

केंद्राची नोंदणी आणि राज्याची नोंदणी

वेतनातून प्राप्तिकर कापण्यासाठी लागणारा टॅन क्रमांक केंद्राचा असल्याने तो राज्यागणिक बदलत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीतही एकाच आस्थापनेच्या निरनिराळ्या ठिकाणच्या शाखा त्या आस्थापनेचाच भाग मानल्या जातात. कर्मचारी राज्य विमा योजनेत नव्या ठिकाणच्या शाखेसाठी मुख्य क्रमांकाखाली उपक्रमांक घ्यावा लागतो; तथापि संस्था एकच असल्याने ते काम तुलनेने सोपे असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. राज्यांच्या व्यवसाय कर कायद्यांशी मात्र त्यांचा संबंध नाही.

वस्तू व सेवा कराचा क्रमांक राज्यनिहाय असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, जसे महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. हा क्रमांक मिळाला म्हणजे राज्याच्या सर्व करांची नोंदणी झाली, अशी गल्लत येथूनच सुरू होते. प्रत्यक्षात व्यवसाय करासाठी त्या राज्याच्या स्वतंत्र कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करणे बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२० पासून कंपनी स्थापनेच्या ‘स्पाइस प्लस’ अर्जासोबतच महाराष्ट्रातील नव्या कंपन्यांना व्यवसाय कराची नोंदणी दिली जाऊ लागली आणि पुढे कर्नाटक व पश्चिम बंगालचाही त्यात समावेश झाला. ही सोय नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात आहे त्या राज्यापुरतीच आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यात शाखा उघडणाऱ्या कंपनीला तिचा उपयोग नाही.

कोल्हापूर आणि बेळगाव

दोन शेजारी राज्यांचे कायदे शब्दरचनेत बरेच सारखे असले तरी त्यांचा परिणाम किती वेगळा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. कोल्हापुरातील एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने बेळगावात कार्यशाळा सुरू केली, असे समजू. महाराष्ट्रात दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यास कर नाही. ७,५०१ ते १०,००० रुपयांपर्यंत महिना १७५ रुपये आणि त्यापुढे २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, अशी आकारणी होते. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सूट आहे. कर्नाटकात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असलेल्या कोणालाही कर नाही. पुरुष व महिला असा भेद तेथे केलेला नाही. त्यावरील वेतनास महिना २०० रुपये कर असून २०२५ च्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारीसाठी तेथेही ३०० रुपये आकारले जातात. फेब्रुवारीच्या या जादा शंभर रुपयांचे कोडे अनेक पगारदारांना पडते. त्यामागे केवळ हिशेब आहे: अकरा महिन्यांचे २,२०० आणि एका महिन्याचे ३०० मिळून घटनेने घातलेली २,५०० रुपयांची मर्यादा गाठली जाते.

महिना १८,००० रुपये वेतन असलेला पुरुष कामगार कोल्हापुरात वर्षाला २,५०० रुपये भरतो. त्याच वेतनावर बेळगावात काम करणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याने एक रुपयाही भरावयाचा नाही. पगारपत्रक कोल्हापुरातील संगणकावर महाराष्ट्राच्या टप्प्यांनुसार तयार होत राहिले, तर या सहकाऱ्याच्या वेतनातून दरमहा २०० रुपये विनाकारण कापले जातात आणि महाराष्ट्राच्या खात्यात जमा होतात. कर्नाटकाला ते देय नाहीत आणि महाराष्ट्राचा त्यांच्यावर हक्क नाही. रक्कम लहान म्हणून कामगार तक्रार करीत नाही आणि चूक वर्षानुवर्षे चालू राहते.

उलट बाजू नियोक्त्याला अधिक महाग पडते. या कायद्यांत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी तरतूद अशी आहे, की कर्मचाऱ्याच्या वेतनातून कर कापलेला असो वा नसो, तो भरण्याची जबाबदारी नियोक्त्याचीच राहते. वरील कार्यशाळेत २५,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे बारा कर्मचारी एप्रिलपासून कामावर आहेत आणि नोंदणीची आठवण मार्चमध्ये झाली, असे धरले तर फेब्रुवारीपर्यंतच्या अकरा महिन्यांचा कर माणशी २,३०० रुपये, एकूण २७,६०० रुपये होतो. व्याज व दंड वेगळा. दरम्यान नोकरी सोडून गेलेल्यांकडून ही रक्कम वसूल करण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही. जे कामावर आहेत, त्यांच्या एकाच महिन्याच्या वेतनातून अकरा महिन्यांची कपात करणे हेही त्यांच्यावर अन्याय करणारे असते.

दोन प्रमाणपत्रे

बहुतेक राज्यांत व्यवसाय कराची दोन निरनिराळी प्रमाणपत्रे असतात. पहिले नोंदणी प्रमाणपत्र. कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कर कापून तो शासनाकडे भरणाऱ्या नियोक्त्यासाठी ते असते. दुसरे नावनोंदणी प्रमाणपत्र. कंपनी, भागीदार, संचालक अथवा स्वतंत्र व्यावसायिक यांनी स्वतःचा कर भरण्यासाठी ते घ्यावयाचे असते. महाराष्ट्रातील लेखापाल त्यांना अनुक्रमे ‘पीटीआरसी’ व ‘पीटीईसी’ म्हणतात, कर्नाटकात ‘आरसी’ व ‘ईसी’ ही नावे रूढ आहेत. एक घेतले की दुसऱ्याची गरज नाही, ही समजूत चुकीची आहे.

महाराष्ट्रात नोंदणीचा अर्ज वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर, तर कर्नाटकात वाणिज्य कर विभागाच्या ‘ई-प्रेरणा’ या यंत्रणेवर करावा लागतो. दोन्हीकडे करदायित्व निर्माण झाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. हे दायित्व शाखेच्या उद्‌घाटनाच्या दिवशी नव्हे, तर करपात्र वेतन असलेला पहिला कर्मचारी त्या राज्यात कामावर घेतल्यावर सुरू होते. म्हणून अर्जात पहिल्या नियुक्तीचा दिनांक अचूक देणे महत्त्वाचे ठरते. सोबत कंपनीचा पॅन, स्थापनेचे प्रमाणपत्र, नव्या जागेचा भाडेकरार किंवा वीजबिल, बँक खात्याचा तपशील, अर्जावर सही करणाऱ्यास दिलेले अधिकारपत्र आणि कर्मचाऱ्यांची वेतनासह यादी तयार ठेवावी लागते. अर्ज सहसा अडतो तो पत्त्याच्या पुराव्यावर. भाडेकरार संचालकाच्या वैयक्तिक नावे आणि अर्ज कंपनीच्या नावे, असा प्रकार यात नेहमीचा आहे.

नोंदणीनंतरचे वेळापत्रकही राज्यागणिक वेगळे आहे. कर्नाटकात प्रत्येक महिन्याचे विवरण व कर पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि वर्ष संपल्यावर वार्षिक विवरणपत्र सादर करावे लागते. महाराष्ट्रात आधीच्या वर्षाचे दायित्व एक लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास वर्षातून एकदा, मार्चअखेर, विवरणपत्र देता येते. एक लाख किंवा त्याहून अधिक असल्यास ते दरमहा द्यावे लागते. महाराष्ट्रातील वार्षिक सवलतीची सवय झालेला लेखा विभाग बेळगावच्या मासिक तारखा हमखास चुकवतो.

टप्पा ठरवताना केवळ मूळ वेतन पाहणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात वेतनामध्ये महागाई भत्ता व नियमितपणे मिळणारे इतर मोबदलेही धरले जातात. बोनस आणि उपदान त्यातून वगळले आहेत.

इतर राज्यांतील स्थिती

सर्वच राज्यांत हा कर नाही. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि गोवा येथे पगारदारांना तो भरावा लागत नाही. याचा अर्थ तेथे कोणतीच राज्यस्तरीय कपात नाही, असा मात्र नव्हे. गोव्यात व्यवसाय कर नसला तरी कामगार कल्याण निधी आहे. त्यासाठी दर सहामाहीला कर्मचाऱ्याचे ६० रुपये व नियोक्त्याचे १८० रुपये भरावे लागतात. महाराष्ट्रातही असा निधी असून २०२४ च्या सुधारणेनंतर सहामाही वर्गणी कर्मचाऱ्याची २५ रुपये व नियोक्त्याची ७५ रुपये आहे. सिंधुदुर्गातून पणजीला जाणाऱ्या उद्योगाने एक नोंदणी कमी झाली म्हणून दुसरी विसरू नये.

तेलंगणात २०,००० रुपयांवरील वेतनास महिना २०० रुपये कर आहे. मध्य प्रदेशात टप्पे वार्षिक उत्पन्नावर ठरतात. सर्वांत वरच्या टप्प्यात अकरा महिने २०८ आणि शेवटच्या महिन्यात २१२ रुपये कापून २,५०० चा आकडा पूर्ण केला जातो. पंजाबमध्ये २०१८ पासून ‘राज्य विकास कर’ या नावाने महिना २०० रुपये घेतले जातात. नाव निराळे असल्याने बाहेरून येणाऱ्या नियोक्त्याच्या तो चटकन लक्षात येत नाही.

तमिळनाडू व केरळ येथील पद्धत महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना सर्वाधिक गोंधळात टाकते. तेथे हा कर राज्य शासनाचा विभाग नव्हे, तर महापालिका, नगरपालिका व पंचायती सहामाही पद्धतीने गोळा करतात. त्यामुळे चेन्नई आणि कोइमतूर येथे कार्यालये असलेल्या कंपनीला दोन्ही महापालिकांकडे जावे लागते. तमिळनाडूत सहामाहीत एकूण किमान ६० दिवस काम केलेल्या व्यक्तीवर कर बसतो. मुंबईहून ऑगस्टच्या अखेरीस चेन्नईला बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे सप्टेंबरमध्ये संपणाऱ्या सहामाहीत साठ दिवस भरत नाहीत. मार्चमध्ये संपणाऱ्या पुढील सहामाहीपासून मात्र त्याचा कर चेन्नईत भरावा लागतो. गुजरातमध्येही वसुली स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवलेली असून तेथे एप्रिल २०२२ पासून १२,००० रुपयांपर्यंतच्या वेतनास सूट आहे.

बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत ज्या महिन्यात तो ज्या राज्यात कामावर आहे, त्या राज्याचा दर लावणे ही रूढ पद्धत आहे. त्याचा मागील राज्यातील कपातीचा तपशील पगारपत्रकासोबत नव्या शाखेकडे पाठवल्यास त्याच महिन्याची दुबार कपात टळते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत भरलेला व्यवसाय कर वेतनातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत ही वजावट मिळत नाही.

शाखा बंद झाल्यास नोंदणी आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी थकबाकी व विवरणपत्रे पूर्ण करून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो न केल्यास एकही कर्मचारी नसलेल्या शाखेच्या नावे विवरणपत्रे न दिल्याच्या नोटिसा येत राहतात, आणि त्या जातात बहुधा भाडेकरार संपलेल्या जुन्याच पत्त्यावर.