समवर्ती संपादन नियंत्रण

समवर्ती संपादन नियंत्रण म्हणजे विदागारातील (डेटाबेस) एकच नोंद दोन किंवा अधिक वापरकर्ते एकाच काळात बदलत असताना कोणाचाही बदल नकळत पुसला जाऊ नये, यासाठी वेब अनुप्रयोगांत केली जाणारी व्यवस्था होय. अशी व्यवस्था नसल्यास शेवटी जतन करणाऱ्याची नोंद टिकते आणि आधीची नाहीशी होते. या दोषाला 'हरवलेली सुधारणा' म्हणतात. त्यात कोणताही त्रुटिसंदेश दिसत नसल्याने तो बहुधा उशिरा लक्षात येतो.

समस्येचे स्वरूप

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्र, फोक्सवॅगन यांचे वाहन कारखाने असून त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग भोसरी, तळवडे, चाकण परिसरात आहेत. अशा एखाद्या पुरवठादाराच्या साठानोंदीचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका ब्रॅकेटचे ५०० नग शिल्लक आहेत. स्टोअरमधील कर्मचारी १२० नगांचे डिलिव्हरी चलन करण्यासाठी नोंद उघडतो. त्याच सुमारास गुणवत्ता विभागातील निरीक्षक ६० नग नाकारण्यासाठी तीच नोंद उघडतो. दोघांनाही पडद्यावर ५०० दिसतात. पहिला ३८० लिहून जतन करतो, दुसरा नंतर ४४० लिहितो. प्रत्यक्षात ३२० नग असताना संगणक ४४० दाखवतो. वाहनजुळणीसाठी माल ऐनवेळी पोहोचवण्याची पद्धत असल्याने या १२० नसलेल्या नगांच्या भरवशावर पुढची मागणी स्वीकारली जाऊ शकते.

येथे विदागाराचे काही चुकलेले नसते. त्याच्या दृष्टीने दोन्ही आज्ञा एकापाठोपाठ बिनचूक पार पडल्या. चूक वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या काळात दडलेली असते, आणि वेबवर हा काळ काही मिनिटांचा, कधी जेवणाच्या सुट्टीइतकाही असतो.

निराशावादी कुलूपबंदी

नोंद उघडताच ती इतरांसाठी बंद करणे हा सर्वांत सरळ उपाय. विदागाराचे स्वतःचे ओळ-कुलूप मात्र एका व्यवहारापुरतेच (ट्रॅन्झॅक्शन) टिकते, आणि वेबपान उघडणे व जतन करणे या दोन स्वतंत्र विनंत्या असतात. त्यामुळे 'ही नोंद अमुक व्यक्तीकडे आहे' अशी खूण वेगळ्या रकान्यात ठेवावी लागते. पाळी संपल्यावर कोणी ब्राउझर तसाच बंद करून गेल्यास नोंद अडकून राहते; म्हणून अशा कुलपाला मुदत देणे अपरिहार्य ठरते.

आशावादी पद्धत

एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली मांडलेल्या आशावादी पद्धतीत कुलूप लावले जात नाही. जतन करताना तपासणी होते. वेब अनुप्रयोगांत त्यासाठी प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक दिला जातो. वरील उदाहरणात दोघांनीही आवृत्ती १७ वाचली असेल, तर जतन करण्याची आज्ञा 'आवृत्ती अजून १७ असेल तरच बदल करा व ती १८ करा' अशी असते. निरीक्षकाच्या आज्ञेला जुळणारी ओळच सापडत नाही आणि बदललेल्या ओळींची संख्या शून्य येते. ही संख्या न तपासणे ही नवख्या आज्ञावलीकारांची नेहमीची चूक. आवृत्ती आधी वेगळ्या आज्ञेने तपासून मग लिहिणेही सुरक्षित नाही, कारण त्या दोहोंमध्ये पुन्हा फट राहते. आवृत्तीऐवजी वेळेची नोंद वापरल्यास एकाच सेकंदातले दोन बदल ओळखू न येण्याचा धोका असतो.

एचटीटीपीमध्ये हेच काम 'इटॅग' व 'इफ-मॅच' ही शीर्षके करतात; आवृत्ती न जुळल्यास सर्व्हर ४१२ हा संकेतांक पाठवतो.

संघर्ष उद्भवल्यावर

केवळ 'जतन झाले नाही' असे सांगून भरलेला मजकूर पुसून टाकणारे अनुप्रयोग आजही आढळतात. वापरकर्त्याने लिहिलेले आणि नोंदीतील सध्याचे मूल्य शेजारी दाखवणे अधिक योग्य. विकिपीडियामागील मीडियाविकी प्रणाली लेखाच्या वेगवेगळ्या भागांतील बदल आपोआप एकत्र करते व ते जमले नाही तरच संपादकापुढे दोन्ही मजकूर ठेवते.

साठ्यासारख्या आकड्यांबाबत बहुतेकदा संघर्षच टाळता येतो. अंतिम शिल्लक लिहिण्याऐवजी '१२० वजा', '६० वजा' अशा स्वतंत्र हालचाली नोंदवल्यास त्या कोणत्याही क्रमाने आल्या तरी शिल्लक ३२० च येते. कागदी साठावहीतही आवक-जावक याच रीतीने ओळीने लिहिली जात असे. भागाचा दर किंवा रेखाचित्राचा क्रमांक यांसारख्या माहितीची मात्र अशी बेरीज-वजाबाकी होत नाही. तेथे आवृत्ती क्रमांक लागतोच.