गांधार नेमका कुठे?

मागच्या शनिवारी गारगोटीला घरी गेलो होतो. पुतणीची पियानोची ग्रेड परीक्षा जवळ आलीय, त्यामुळे कॅसिओवर दिवसभर एकच मिन्यूएट. (बाखच्या नावावर खपणारा, खरा पेट्झोल्डचा.) शाळेच्या कला-प्रकल्पासाठी तिला आपल्याकडचंही काहीतरी वाजवायचं होतं. मग तिने मोबाईलवर तानपुरा लावला, भूप धरला आणि पाच मिनिटांत वैतागली.

"काका, गांधार लागंना झालाय!"

मला हसू आलं. बटन दाबल्यावर सूर लागणार नाही म्हणजे काय? मग हिशेब करून बघितला. सा २४० हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे बरोबर ३००. कॅसिओत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला गांधार ३०२.४. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे येतात. म्हणजे पोरीचा कान बरोबर होता. याला बग म्हणता येत नाही, स्पेसिफिकेशनच तसं आहे. कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून जवळजवळ प्रत्येक सुराने थोडी तडजोड केलीय.

गंमत म्हणजे हे भांडण आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी हिरिरीने झालंय. हार्मोनियम पॅरिसचं, देबेंनी १८४२ साली पेटंट घेतलेलं. आपल्या संगीत नाटकांनी ते आपलंसं केलं. त्यात सगळ्यात मोठं नाव कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांचं. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच, भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ त्यांची, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्रही तेच!

त्याच काळात सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुती मोजत बसले होते. १९१० मध्ये त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर त्यांनी चक्क बावीस श्रुतींची पेटी घडवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला आणि पुढे ती काही रुळली नाही. गणित चोख होतं, पण इतक्या सुरांत बोटं फिरवायची कशी? (आमच्या धंद्यातही अशी सॉफ्टवेअरं ढिगाने असतात.) अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी पुन्हा बावीस श्रुतींची पेटी केलीय, म्हणजे प्रश्न अजून जिवंत आहे. सरकारने मात्र सरळ तोडगा काढला. १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर पेटीला बंदी!

हे सगळं मी जेवताना सांगत होतो. आबा (माझे आजोबा, वय ८४, जन्मभर भजनी मंडळात पेटी) ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "लेका, एवढं कशाला? माळ्यावरची पेटी काढ."

काढली. भाता फाटलेला, त्याला चिकटपट्टी लावली. पुतणीने तानपुरा सुरू करून गांधार दाबला. हेलकावा नाही! "पांढरी एकातली हाय ती. रीड घासून गांधार उतरवून घेतलाय," आबा म्हणाले. पेटी ट्यून करणाऱ्याने देवलांचं पुस्तक वाचलं नसणार, त्याने नुसत्या कानाने काम केलं होतं.

पोरीने लगेच त्याच पेटीवर मिन्यूएट वाजवून बघितला. रे आणि ध एकदम दाबल्यावर असं काही कोकललं की आबाच म्हणाले, "बंद कर गं बाई." साच्या हिशेबाने दोन्ही सूर शुद्ध, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. युरोपातले लोक असल्या बिघडलेल्या जोडीला लांडगा म्हणायचे. तो लांडगा घालवण्यासाठीच त्यांनी गांधार चढवून घेतला.

आता प्रकल्पात मिन्यूएट कॅसिओवर आणि भूप पेटीवर, असं ठरलंय. पेटी शाळेत न्यायची कशी यावर रविवारी दुपारपर्यंत घरात चर्चा चालू होती. आबांचं म्हणणं, एसटीत नको, भाता पुन्हा फाटेल.