तळटीप : ‘पळसदरीला त्यु’

१७. पळसदरीला त्यु : ‘त्यु’ म्हणजे फ्रेंचमधला ‘तू’. कर्जतहून खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला जाणाऱ्या रेल्वेफाट्यावर दोन्ही टोकं धरून सहाच स्थानकं : कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. फ्रेंच नियमित क्रियापदाची वर्तमानकाळी रूपंही सहा. लेखिकेने दर स्थानकाला एक रूप बांधलं आहे. ‘पार्ले’ (बोलणे) या क्रियापदाची शेवटची दोन रोमन अक्षरं काढून प्रत्यय लावले, की झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल अशी गाडी चालते. कागदावर प्रत्यय बदलतात, पण कानाला सहापैकी चार रूपं एकसारखी. त्यामुळे आपलं नुसत्या ‘बोलतोस’वर भागतं, तसा फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. ‘बोलतो–बोलते’ हा भेद मात्र तिथे नाही, आणि ‘वू’ आपल्या ‘तुम्ही’सारखा अनेकवचनीही, आदरार्थीही. (वू पार्लेचा विलेपार्ल्याशी संबंध नाही, मुद्रितं तपासताना दोनदा विचारणा झाली, म्हणून सांगितलं.) बहुसंख्य फ्रेंच क्रियापदं याच साच्यातली. ‘आले’ दिसतं त्यांच्यासारखंच, पण चालतं पूर्ण अनियमित. वर त्याचा अर्थ ‘जाणे’! लेखिकेचा तिथला गोंधळ स्वाभाविकच म्हणायचा. पुढच्या प्रकरणात डोळवलीचा उल्लेख येईल तिथे वाचकांनी ‘नू’, म्हणजे ‘आम्ही’, असं वाचावं. – संपा.