जंजिऱ्याच्या बेगमसाहेबांची तसबीर

जंजिरा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्रातला तट उभा राहतो. शिवाजी महाराजांच्या मोहिमा, समोरच उभारलेला पद्मदुर्ग, संभाजी महाराजांनी १६८१-८२ मध्ये घातलेला वेढा, एवढ्यावर आपला जंजिरा बहुधा संपतो. त्यानंतर १९४८ पर्यंत तेथे सिद्दी नबाबांचे संस्थान नांदत होते, मुरूडला त्यांचा राजवाडा होता आणि त्या घराण्यात लिहित्या-वाचत्या स्त्रिया होत्या, याची नोंद आपल्या वाङ्मयीन स्मृतीत जवळजवळ नाही. म्हणूनच नाझली रफिया सुलतान बेगम यांच्या स्टुडिओतील तसबिरींपाशी थांबावेसे आम्हांस वाटते.

त्या काळातील स्टुडिओ म्हणजे एक लहानसे रंगमंदिरच होते. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कोरीव खुर्ची किंवा कठडा, अंगावर ठेवणीतले दागिने, आणि काच तयार झाल्यावर तिच्यावर कारागिराचा शेवटचा हात. बसणाऱ्याचा स्वभाव टिपण्यापेक्षा त्याचा दर्जा ठसवणे हे या कलेचे काम होते. उच्चकुलीन मुसलमान स्त्रीच्या बाबतीत अडचण होती ती दुसऱ्या पडद्याची. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला व तेथील काम एका इंग्रज बाईंकडे सोपवले, ते याच कारणाने. अशा काळात बेगमसाहेब उघड्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर बसतात, तेव्हा चेहऱ्यापुढचा पडदा सरून पाठीमागे गेलेला असतो. ही मोकळीक सासरपेक्षा माहेरची देणगी मानावी लागते. मुंबईचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या सुलेमानी बोहरा गोतावळ्यातली ही मुलगी. वडील हसनअली फैजी यांचा व्यापार इस्तंबूलपर्यंत पसरलेला होता. त्यांच्या झोहरा, नाझली व अतिया या तिन्ही मुली उर्दूत लिहीत असत.

नाझलींचा विवाह नबाब सिदी अहमदखान यांच्याशी झाला तेव्हा त्या अगदी लहान होत्या. १९०८ साली पतीसह व धाकट्या अतियासह त्यांनी युरोपचा प्रवास केला. 'सैर-ए-युरोप' हे उर्दू प्रवासवर्णन त्या प्रवासाचे फळ. अतिया त्याआधीच, १९०६-०७ मध्ये, शिक्षणासाठी लंडनला राहून आल्या होत्या. तेथेच त्यांचा महंमद इक्बाल यांच्याशी स्नेह जुळला. त्यांची तेव्हाची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या नियतकालिकात येत असे. पुढे १९२१ साली तिचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. उर्दूचे थोर विद्वान शिबली नोमानी मुरूडला या बहिणींचे पाहुणे होते. कोकणच्या किनाऱ्यावरची ही मैफल आपल्या कानी मात्र आली नाही.

बेगमसाहेबांना मूल झाले नाही. १९१३ साली त्या नबाबांपासून विभक्त झाल्या. नबाबांच्या दुसऱ्या बेगमेस १९१४ मध्ये पुत्र झाला. १९२२ साली नबाब वारले, तेव्हा अज्ञान वारसाच्या वतीने कारभार पाहिला तो या दुसऱ्या बेगमेने, कुलसुम बेगम यांनी. नाझली बहिणीच्या आश्रयाने मुंबईत राहिल्या, फाळणीनंतर कराचीस गेल्या आणि १९६८ साली तेथेच निवर्तल्या.

हे ठाऊक झाल्यावर तसबिरीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. 'जंजिऱ्याच्या बेगम' हे तिच्याखालचे शब्द मखरासारखे भासतात. मखर ज्याचे, त्याने ते काढून घेतले. जो मान तिला दिला गेला होता तो वारसाच्या अटीवर दिला होता, आणि स्टुडिओतील सारी आरास त्या मानाची होती. जे तिचे स्वतःचे होते ते कागदावर उतरले, पण परक्या ठरलेल्या लिपीत.

प्रश्न आहे तो येथेच. स्त्रियांच्या प्रवासलेखनाचा इतिहास शिकवताना आपण पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या अमेरिकावर्णनापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बहुसंख्य मराठी प्रजा असलेल्या संस्थानाच्या राणीचे पुस्तक केवळ उर्दूत आहे म्हणून आपल्या अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर राहावे काय? प्रदेशाचा वाङ्मयेतिहास आणि भाषेचा वाङ्मयेतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्या नावाच्या तेजात जंजिऱ्याच्या तटामागची ही माणसे अधिकच अंधुक झाली. तसबीर पाहून राजवैभवाचे कौतुक करणे सोपे आहे. 'सैर-ए-युरोप'चा मराठी अनुवाद व्हावा, विद्यार्थ्यांनी तो वाचावा, म्हणजे त्या स्तब्ध चेहऱ्याला वाचा फुटेल.